तायडेनानांचे पॉइंट

तायडेनानांना "कसे आहात?" असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते थांबायचे, मागे वळून पाहायचे आणि आवाज खाली आणून म्हणायचे, "काबर? कोनी काही सांगं का?" कोणी काही सांगितलेलं नाही, आपण सहज विचारलं, हे पटवण्यात बराच वेळ जायचा आणि शेवटी पटायचं नाहीच. "सहज कोणी विचारत नसतं," असं म्हणून ते चालू लागायचे. दीपनगरच्या वसाहतीत आमची दारं समोरासमोर. त्यामुळे पुढे पुढे मी नुसतं "जयभीम नाना" म्हणायचो आणि तब्येतीचा विषय टाळायचो.

नाना मूळचे धुळ्याकडचे, पण सगळी नोकरी आमच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूमला. समोर भिंतभर मीटर. बाकीचे लोक काटा बघून आकडा लिहायचे. नाना आधी काचेवर नखानं टिचकी मारायचे, मग बघायचे. "काटा अडकतो भाऊ," ते मला एकदा म्हणाले. "अडकलेला काटा पण आकडा दाखवतोच, पण मागचा. टिचकी मारली की हलतो." ही सवय केंद्राच्या फाटकाशी थांबली असती तर कोणाची हरकत नव्हती. पण नाना कलिंगडाला टिचकी मारत, थर्मामीटरला मारत, भुसावळ स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्राला मारत. एकदा आमच्याकडे आलेल्या पाहुण्याच्या मनगटावरच्या घड्याळाला त्यांनी पाहुण्याला न विचारता टिचकी मारली होती. पाहुणा नंतर दिवसभर घड्याळ कानाला लावून बघत होता.

दूधवाल्याला ते आधी स्वतः घोटभर दूध प्यायला लावत. वर्तमानपत्र आज आलं की उद्या वाचत. त्यांचं म्हणणं, एक दिवस जाऊ दिला की त्यातलं खोटं असेल ते आपोआप उघडं पडतं. आणि कोणतीही चांगली बातमी कानावर आली, मग ती कोणाच्या लग्नाची असो की पगारवाढीची, धुळ्याकडच्या बोलीत नानांचा प्रश्न ठरलेला, "यामा मेख काय शे?" म्हणजे यात गोम काय आहे?

घरात ते एकटेच. नानी जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी सुषमा धुळ्याला नर्स, मुलगा प्रकाश नाशिकला कारखान्यात. शेवटच्या आजारात नानींना सुषमाकडेच नेलं होतं. त्या गेल्या त्या दिवशी प्रकाश सगळ्यांदेखत बोलून गेला, "आईला मुंबईला न्यायला पाहिजे होतं. हिनं नेऊ दिलं नाही." जिनं महिनाभर आईचं अंग पुसलं तिला हे ऐकावं लागलं. तेव्हापासून बहीणभाऊ बोलत नव्हते. दोघं नानांकडे येत, पण एक गेल्याची खात्री झाल्यावर दुसरा. एका दिवाळीत भुसावळच्या स्टँडवर दोघं समोरासमोर आले आणि ओळख न दाखवता आपापल्या वाटेनं गेले. हे मला नानांनीच सांगितलं. सांगता सांगता उठून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाला टिचकी मारली. घड्याळ व्यवस्थित चालू होतं.

ती नव्वद सालानंतरची वर्षं. घरोघर केबल आली होती आणि टपालानं अशी पत्रं यायला लागली होती की वाचून माणसाला आपण कोणीतरी आहोत असं वाटावं. तसलं एक आम्हाला आलं. आपली खास निवड झाली आहे, जळगावच्या अमुक हॉटेलात जोडीनं या, सुट्टीच्या एका योजनेची माहिती ऐका आणि जाताना डिनर सेट मोफत घेऊन जा. माझी बायको शोभा डिनर सेटवर खूश होती. मी चूक केली ती एवढीच, की पत्र नानांना दाखवलं.

"निवड कोणी केली?" नाना म्हणाले. "तुमचीच का केली? तुमच्यात असं काय आहे?" या शेवटच्या प्रश्नावर शोभानं मला आणि मी शोभाला एकदा नीट पाहून घेतलं. "तुम्ही दोघंही भोळे. मी येतो संगं."

अशा रीतीनं जोडप्यांच्या त्या कार्यक्रमाला आम्ही तिघं गेलो. तिथं दिलेलं थंड पेय नानांनी घेतलं नाही, आणि माझंही हुंगून बाजूला सरकवलं. टाय बांधलेला शैलेश नावाचा तरुण पडद्यावर चित्रं दाखवत समजावून सांगत होता. एकदा पॉइंट विकत घ्यायचे. मग दरवर्षी तेवढे पॉइंट तुमच्या नावावर जमा होणार. महाबळेश्वर, गोवा, उटी, जिथं कंपनीची घरं आहेत तिथं ते वापरून आठवडाभर राहायचं. मे महिन्यात जास्त पॉइंट लागतात, पावसाळ्यात कमी. एका खोलीला कमी, दोन खोल्यांच्या घराला जास्त. या वर्षी वापरले नाहीत तर पुढच्या वर्षी चालतात, पण दोन वर्षांचे एकत्र करता येत नाहीत, आणि त्यानंतर जातात.

"कुठं जातात?" नानांनी विचारलं.

"जातात म्हणजे काका, संपतात."

"आमच्या केंद्रात काही संपलं की ते कुठंतरी गेलेलं असतं," नाना म्हणाले. मग पुढे जाऊन त्यांनी पडद्यावरच्या पोहण्याच्या तलावाला टिचकी मारली. पडदा हलला, तलाव हलला, आणि त्यात पोहणारं गोरं कुटुंबही हललं. नाना समाधानानं जागेवर येऊन बसले. मला वाटलं, झालं, आता हे आपल्याला डिनर सेटसकट सोडवून नेणार. आम्ही सेट घेऊन उठलो तर नाना उठेनात.

"दोन खोल्यांचं घर, मे महिना," ते शैलेशला म्हणाले. "त्याला लागतात तेवढेच पॉइंट घ्यायचे. एकही जास्त नको. आणि ते तीन नावांवर तोडून मिळतील का?"

आम्हाला वाचवायला आलेला माणूस गिऱ्हाईक होऊन बसला होता. परतीच्या बसमध्ये शोभा माझ्या कानात म्हणाली, "त्यांनी ते पेय प्यायलं तर नाही ना?"

त्यानंतर रविवारमागून रविवार शैलेश जळगावहून बसनं दीपनगरला येऊ लागला. टायवर आमच्या केंद्राच्या चिमणीची राख घेऊन परत जायचा. कंपनीला व्यवहार हवा होता आणि नानांना खुलासे. शेवटी पॉइंट डोळ्यांना दिसावेत म्हणून नानांनी खाटेवर शेंगदाणे मांडले. एक शेंगदाणा म्हणजे इतके पॉइंट असं ठरवून तीन ढीग केले. एक मोठा प्रकाशचा, तेवढाच मोठा सुषमाचा, आणि चिमूटभर स्वतःचा.

"काका, सरळ सगळे तुमच्या एकट्याच्या नावावर घ्या," शैलेश म्हणाला. "वारस म्हणून दोघांची नावं लावू. असे तोडलेत तर काय होईल, प्रकाशभाऊंच्या पॉइंटात मे महिन्यात काही मिळणार नाही. ताईंच्या पॉइंटातही नाही. दोघांचे मिळून केले तरी थोडे कमीच पडतात. तुमचे हे एवढेसे घातले तरच बेरीज होते."

"घर घ्यायचं तर तिघांच्या सह्या लागतील?"

"तिघांच्या. एकानं नाही केली तर सगळेच अडकले."

"आणि एकानं दुसऱ्याचे परस्पर वापरले तर?"

"तसं होत नाही हो काका." बोलता बोलता शैलेशनं खाटेवर हात टाकला आणि दोन शेंगदाणे तोंडात टाकले.

नानांनी त्याचा हात धरला. "मना पॉइंट खाई गया तू," ते शांतपणे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पाहिलं भाऊ? समोर बसून खातात ते असं." बिचारा शैलेश तोंडातले शेंगदाणे चावावेत की काढून ठेवावेत या विचारात तसाच बसून राहिला.

नानांनी ते तीन नावांवरच घेतलं. मला राग आला. मी हिशेब विभागातला माणूस, त्यामुळे पैसे असे कोंडून ठेवलेले मला बघवत नाहीत. त्यातून वसाहतीत कुजबुज होतीच, की म्हाताऱ्याचा पोटच्या पोरांवरही विश्वास नाही, मेल्यावर दोघांनी भांडावं अशी सोय करून ठेवतो आहे. नानांचा संशय खोकल्यासारखा पसरला होता, आणि आता सगळी वसाहत नानांकडेच संशयानं बघत होती. मी एकदा तोंडावर विचारलं, "नाना, इतका अविश्वास?"

"विश्वास असता तर एका नावावरच घेतलं असतं," एवढंच ते म्हणाले.

पहिल्या वर्षीचा मे महिना कोरडा गेला. प्रकाशनं सही केली नाही आणि त्यानं केली नाही म्हणून सुषमानंही केली नाही. पॉइंट पुढच्या वर्षावर गेले. पुढचं वर्ष शेवटचं. त्या वर्षी वापरले नाहीत तर आधीचे गेले, आणि त्याच उन्हाळ्यात नाना निवृत्त होऊन क्वार्टर सोडणार होते. नानांनी हल्ली कालचं वर्तमानपत्रही वाचायचं सोडलं होतं. संध्याकाळी पायरीवर बसून ते फाटकाकडे बघत राहायचे.

मग थंडीच्या अखेरीस ते चार दिवस गायब झाले. आधी धुळे, मग नाशिक. परत आले तेव्हा खांद्याला पिशवी, अंगावर प्रवासाची धूळ, आणि दोघांच्याही सह्या झालेल्या.

"कसं जमवलं?" मी विचारलं.

"सुषमाला म्हटलं, प्रकाशनं कधीच सही केली, आता तो काय करेल ते करेल. नाशिकला जाऊन त्याला म्हटलं, सुषमानं केली. दोघांनीही एकच विचारलं, यामा मेख काय शे? माझीच पोरं. मला म्हणाली, आम्ही पण येतो, नजर ठेवायला." नाना जरा हसले. "म्या म्हटलं, या. तेच पाहिजे."

मी तरीही वकिली केली. "पण मग दोघांना अर्धे अर्धे द्यायचे होते. तुमचा तो चिमूटभर ढीग कशाला?"

नाना बराच वेळ चपलेची धूळ झटकत राहिले. "भाऊ, समजा दोघं एक झाले. व्हावेतच. पण एक झाल्यावर त्यांना माझं काय काम? दोघं आपापली पोरं घेऊन जातील मजेनं." त्यांनी मान वर केली नाही. "निवृत्त झाल्यावर अर्धं वर्ष इथं राहा, अर्धं वर्ष तिथं, असं सांगतात मला. मी काय पॉइंट आहे का, तोडून घ्यायला? म्हणून एवढेसे माझे ठेवले. थोडे आहेत, पण त्यांच्याशिवाय बेरीज होत नाही."

ज्या गोष्टीवरून मी वर्षभर या माणसाला मनातून संशयखोर, कोत्या मनाचा ठरवलं होतं, ती गोष्ट त्यांनी बाप म्हणून केली होती, आणि मला तिच्यात फक्त हिशेब दिसला होता.

मे महिन्यात ती सगळी मंडळी दीपनगरहून निघाली. जीपमध्ये सुषमा एका टोकाला, प्रकाश दुसऱ्या टोकाला, मध्ये नातवंडं आणि सामान, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी नाना. निघण्याआधी त्यांनी जीपच्या डिझेलच्या काट्याला टिचकी मारून घेतली.

आठ दिवसांनी परत आले तेव्हा मी दारातच गाठलं. "काय नाना, कसं काय महाबळेश्वर?"

"नळ गळका. गादी मऊ, पाठ धरते. चित्रात दाखवलेला तलाव दुसऱ्याच गावचा होता." तक्रारी सांगताना चेहरा मात्र उजळलेला.

"आणि प्रकाश, सुषमा?"

"दोन्ही भांडनात," नाना म्हणाले. "पहिले तीन दिवस गप्प. पोरांच्या हाती निरोप. चौथ्या दिवशी सकाळी चहावरून सुरू झालं ते आईच्या दवाखान्यापर्यंत गेलं. सुषमानं सगळं काढलं. तो पण बोलला. शेजारच्या घरातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. मग तो रडला."

"अरेरे."

"अरेरे काय भाऊ? भांडायला बोलावं लागतं ना. चार-पाच वर्षांत पहिल्यांदा हलला काटा." त्यांनी आमच्या दाराच्या चौकटीला सहज एक टिचकी मारली आणि ते थांबले.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पण नाना, तुम्ही कसे आहात?"

मी जीभ चावली. नानांनी नेहमीप्रमाणे मागे वळून पाहिलं. समोरच्या त्यांच्या घरात दोघं अजून होती, दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं जायची होती. नानांच्या चहात साखर किती घालायची यावरून आत वाद चालला होता. सुषमा म्हणत होती, अजिबात नको. प्रकाश म्हणत होता, आई एक चमचा घालायची.

नाना ऐकत उभे राहिले.

"बरा शे," ते म्हणाले, आणि चहा प्यायला घरात गेले.