गच्चीवरचा पत्र्याचा हात

सरांनी गच्चीवर पत्र्याचा हात बसवला आणि तेव्हापासून घरातलं स्वास्थ्य गेलं, असं काकू आजही सांगतात. खरं तर सरांना बसवायचा होता वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा, पाठ्यपुस्तकात असतो तसा. पण भंगारवाल्याकडे कोंबडा नव्हता, हात होता. मनगटापासून पुढचा, एक बोट ताठ, बाकीची मिटलेली. कुठल्यातरी बुडालेल्या दुकानाच्या पाटीवरून गिऱ्हाइकांना आत बोलावत असणार. सरांनी त्याला मागे शेपटी लावली, खाली बेअरिंग बसवलं आणि पाण्याच्या टाकीशेजारी नळीवर उभा केला. वारा जिकडून येईल तिकडे बोट.

सर भूगोलाचे. नुकतेच निवृत्त झालेले. उभी हयात त्यांनी वारे फळ्यावर खडूने काढले, पण वाऱ्याशी समोरासमोर गाठ कधी पडली नव्हती. ती आता पडणार होती, कारण या उन्हाळ्यात सर आणि काकू सायकलवरून किनाऱ्याची सफर करणार होते.

सफरीचं कारण काकूंचे गुडघे. उन्हाळा संपला की दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर सायकल चालवता येईल का, असं विचारल्यावर डॉक्टरांनी नुसते खांदे उडवले होते. काकूंची इच्छा एकच होती. किनाऱ्याचा रस्ता त्यांच्या गावातून निघून उत्तरेला थेट दीपगृहापर्यंत जात होता. त्या दीपगृहाचा दिवा लग्न झाल्यापासून त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत आल्या होत्या, आणि तिथे एकदाही गेल्या नव्हत्या. आधी सासूबाईंनी जाऊ दिलं नाही, मग सासूबाईंचं आजारपण आलं, मग सरांच्या परीक्षा. आता सासूबाई जाऊनही बराच काळ लोटला होता.

"चढ चालेल, ऊन चालेल," काकूंनी आधीच बजावलं होतं. "पण वारा तोंडावर आला तर माझे गुडघे संपले. मी आहे तिथून सायकल वळवीन. मग तुम्ही या, नाहीतर राहा."

एवढी सोपी गोष्ट होती. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर वारा दक्षिणेकडून येतो, हे रेडिओ सांगत होता, मासेवाली सांगत होती, वर्तमानपत्रही छापत होतं. दुसरा कुणी असता तर घरून निघून उत्तरेला गेला असता, वारा पाठीवर घेऊन दीपगृह बघितलं असतं आणि सायकली टपावर टाकून बसने परत आला असता. पण दुसऱ्या कुणाच्या गच्चीवर पत्र्याचा हात नव्हता.

हात रोज पहाटे उत्तर दाखवायचा. उजाडायच्या सुमारास कुरकुरत वळायचा आणि टाकीपलीकडे बोट करून ताठ उभा राहायचा तो सकाळी उशिरापर्यंत. सर चक्रावले, मग सुखावले. सरकारी खात्याला जे कळलं नाही ते आपल्या गच्चीवर कळलं म्हटल्यावर कुणाला बरं वाटणार नाही? रेडिओ सगळ्या किनाऱ्याची सरासरी सांगतो, आपल्या पट्ट्याचं वेगळंच आहे, असं त्यांनी जाहीर केलं आणि आखलेली सगळी सफर उलटी केली. आता सायकली टेम्पोत घालून उत्तरेला न्यायच्या आणि दक्षिणेकडे घरी परतायचं. पण टेम्पो खाडीच्या पुलापर्यंतच जात होता. पूल जुना, त्यावरून टेम्पोला बंदी, आणि पलीकडे जाणारी बस दिवसातून एकच, संध्याकाळची. दीपगृह पुलापलीकडे, म्हणजे तिथवर जायचं तर वाऱ्याच्या तोंडावर. तेव्हा दीपगृह रद्द.

हे ऐकून काकूंनी हातातलं पातेलं जरा जोरातच खाली ठेवलं. "म्हणजे दिवा खिडकीतूनच बघायचा म्हणा," एवढंच त्या म्हणाल्या. सरांना ते लागलं, पण गुडघ्यांसाठीच हे चाललंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी काकू पहाटेच कपडे वाळत घालायला वर गेल्या आणि बादली तशीच घेऊन खाली आल्या. चेहरा पांढराफटक. खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, वरती सासूबाई आहेत."

सरांनी विचारलं, म्हणजे काय? मग काकूंनी सगळं सांगितलं. शेजारच्या झाडाचं एक पानही हलत नव्हतं. दोरीवरचा रुमालसुद्धा लटकून होता. आणि तो हात मात्र आपला आपण वळत होता. जवळ गेल्यावर अंगावर गरम, दमट वारा आला, आणि त्याला वास होता खळ घातलेल्या चादरींचा.

आता सासूबाई म्हणजे कोण, हे सांगायला हवं. त्यांच्या चादरी इतक्या कडक असायच्या की झोपेत कूस बदलली तरी शेजारच्या खोलीत कळायचं. घरातला माणूस चुरगळलेल्या कॉलरने उंबऱ्याबाहेर पडला असं त्यांनी कधी होऊ दिलं नाही. कपडे वाळत घालायची त्यांची जागा टाकीच्या शेजारीच होती. काकूंनी त्यांचं शेवटचं आजारपण काढलं, रात्री जागवल्या, पण कौतुकाचा शब्द म्हणून कधी कानावर आला नाही.

सरांनी जमिनीवरचे वारे, समुद्रावरचे वारे असं सगळं समजावून सांगितलं, कागदावर बाण काढले. मात्र दुसऱ्या पहाटे काकू झोपल्या आहेत असं बघून ते स्वतः हळूच वर गेले. हवा अगदी पडली होती. सर टाकीपाशी जाऊन उभे राहिले तेव्हा पलीकडून धुक्यासारखं काहीतरी आलं आणि हात कुरकुरत वळला. बोट त्यांच्या छातीवर. सर डावीकडे सरकले. बोट थोडं थांबून डावीकडे आलं. सरांनी उजवीकडे पाऊल टाकलं तर तेही आलं, घाई न करता, उत्तर चुकलेल्या मुलाकडे बघावं तसं. आणि तो वास. खळीचा आणि गरम इस्त्रीचा. सर उलट्या पावली जिन्यापर्यंत आले. खाली येऊन त्यांनी चहा मागितला आणि तो निवेपर्यंत हातात नुसता धरून बसले.

"दिसल्या ना?" काकूंनी विचारलं.

"दाब कमी-जास्त झाला की होतं असं," सर म्हणाले.

त्यात आणखी एक विचित्र गोष्ट होती. सोमवारी हात हलायचा नाही. बाकी दिवस न चुकता वळणारा हात सोमवारी मेल्यासारखा पडून. सरांच्या शास्त्रात याला काही उत्तर नव्हतं. काकूंकडे होतं. पूर्वी दर रविवारी काकूंची बहीण यायची, म्हणून सोमवारी सासूबाई सुनेशी बोलायच्या नाहीत. सर म्हणाले, उगाच काहीतरी. पण ते हळू आवाजात म्हणाले.

ठरल्या दिवशी टेम्पोने त्यांना सकाळी सकाळी पुलाच्या अलीकडे उतरवलं आणि तो निघून गेला. किनारा राखाडी पडला होता. आकाश कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. लाटांचा आवाजही नव्हता, म्हणजे समुद्र होता पण गप्प होता. होड्या उपड्या पडलेल्या, माणूस एक नाही. चहाची टपरी बंद, तिच्या फळीवर कप मात्र मांडून ठेवलेले. सर मुद्दाम मोठ्याने बोलत होते. बघ, अजून वाराच नाही, सुटला की पाठीवरच येणार. काकूंनी एकदा पुलाकडे, पलीकडच्या अंधूक मनोऱ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवून पायडल मारलं.

पहिलं वळण घेतलं आणि वारा सुटला. दक्षिणेकडून. थेट तोंडावर. आधी नुसता गार होता, मग त्यात वाळू आली. सर मान खाली घालून पायडल रेटत राहिले आणि आत्ता फिरेल, आत्ता फिरेल असं ओरडत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांना जाणवलं की मागून हूं की चूं येत नाही. त्यांनी वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. वाळू सळसळत रस्ता ओलांडत होती, बाकी काही नाही.

सरांनी ब्रेक दाबला. बाईचे गुडघे, तोंडावरचा वारा, आणि हा पुढे पळणारा नवरा. त्यांनी हाका मारल्या, पण वारा हाका तोंडातूनच काढून घेत होता. मग लांब, पुलाजवळ, त्यांना काकू दिसल्या. उत्तरेला निघाल्या होत्या, ताठ बसून. सायकल चांगली वेगात होती आणि काकूंचे पाय हलत नव्हते.

सरांनी सायकल वळवली आणि पाठलाग सुरू केला. वारा त्यांनाही ढकलत होता, तरी अंतर काही कमी होईना. काकू पुलावर चढल्या, पलीकडे उतरल्या, धुरकटात दिसेनाशा झाल्या. पूल ओलांडताना सरांना तो वास आला. खळीचा, गरम इस्त्रीचा. आजूबाजूला घर नाही, दोरी नाही, कपडा नाही. खाली खाडीचं पाणी. सरांनी नाकाने श्वास घेणं बंद केलं.

काकू दीपगृहाच्या पायरीवर बसल्या होत्या. केस विस्कटलेले, गाल लाल. इतकी वर्षं खिडकीतून बोटाएवढा दिसलेला मनोरा आता मान वाकडी करून बघत होत्या. सर धापा टाकत पोचले. रागवायचं होतं, ते राहूनच गेलं. सायकल त्यांनी तशीच आडवी टाकली. त्यांनी विचारलं, "गुडघे?"

"काही नाही झालं. पाठीला कुणीतरी हात लावून ठेवला होता." काकूंनी डोळे पुसले. वाळू गेली असेल.

संध्याकाळी ते बसने घरी आले तर दारात मागच्या गल्लीतले लाँड्रीवाले उभे. तक्रार घेऊन आले होते. त्यांचं म्हणणं, तुमच्या गच्चीवर रोज पहाटे वाफेतून कुणाचा तरी हात वर येतो आणि आमच्या अंगणाकडे बोट करतो. माझा इस्त्रीवाला घाबरून काम सोडून गेला.

"वाफ?" सर म्हणाले. "कसली वाफ?"

तेव्हा कळलं. लाँड्रीवाल्यांनी यंदा कपडे वाळवायचं मोठं यंत्र आणलं होतं. त्याची गरम हवा सोडायचा पाइप भिंतीवरून वर नेला होता आणि त्याचं तोंड सरांच्या टाकीपलीकडे, कठड्याच्या आड निघालं होतं. उत्तरेला. यंत्र पहाटे सुरू व्हायचं. सोमवारी लाँड्री बंद.

सर आधी ओशाळले आणि मग हसत सुटले. इतके हसले की लाँड्रीवालेही तक्रार विसरून हसायला लागले. म्हणजे इतके दिवस आपण लाँड्रीचा वारा मोजला, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांना फार मोकळं वाटत होतं. हात पलीकडच्या कोपऱ्यात, पाइपपासून लांब हलवायचं त्यांनी कबूल केलं, आणि लगेच वर जाऊन हलवलाही. जेवताना पुन्हा तोच विषय. हवेचा झोत, वाफ, वास, सगळ्याचा उलगडा झाला की नाही?

काकू शांतपणे जेवत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "मग पुलावर कुठली लाँड्री होती?"

सरांनी घास पुन्हा ताटात ठेवला. त्या वासाबद्दल ते काकूंशी एक अक्षर बोलले नव्हते.

दुसरा दिवस सोमवार होता. लाँड्रीला कुलूप. सरांना जाग आली तेव्हा खाली काकू सायकलच्या चाकात हवा भरत होत्या. त्यांनी वर बघून हाक मारली, "अहो, गच्चीवर जा. बोट कुठं आहे ते सांगा."

सर वर गेले. हवा पडलेली. झाडाचं पान हलत नव्हतं. कोपऱ्यातला हात थोडा वेळ तसाच उभा होता, मग कुरकुरला आणि सावकाश वळला.

"दक्षिण," सर कठड्यावरून म्हणाले. 

"म्हणजे पाठीवरच. या खाली, तुमच्याही चाकात भरलीय हवा."

सरांनी एकदा त्या हाताकडे पाहिलं, नकळत शर्टाची कॉलर सरळ केली आणि मुकाट्याने जिना उतरले.