निळा नळ, निळा तारा

नसरा हिलालच्या घरी लग्न होऊन आली, तेव्हापासून त्याची सात वर्षांची लेक झुवैना तिला "मावशी"च म्हणत होती. सावत्र असली तरी आई व्हायची नसराला फार हौस. त्यासाठी तिनं हलवासुद्धा घोटून पाहिला. झुवैनानं वाटी चाटून पुसून "मावशी, अजून आहे?" एवढंच विचारलं.

नसरा थंड डोंगरगावची, आणि मस्कतमधला तिचा हा पहिलाच उन्हाळा. त्या संध्याकाळी गच्चीवर दोरीवरचे कपडे काढता काढता तिनं संधी साधली.

"तो लाल तारा बघ, विंचवाचं काळीज. सगळ्यात तापलेला! आणि तो निळसर आहे ना, तो थंडगार."

"उलटं सांगतेस, मावशी! लोखंड तापलं की आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. ताऱ्यांचंही तसंच, बाईंनी सांगितलंय. निळा सगळ्यात गरम, लाल त्यापेक्षा गार."

"मग नळावर लाल गरम नि निळा गार कशाला करतात? नळवाले काय खुळे आहेत?"

झुवैना फुगून बसली. हिरमुसलेली नसरा अंघोळीला गेली. बादलीत उरलेल्या पाण्यानं केस भिजवून तिनं भरपूर साबण चोळला आणि निळा नळ सोडला.

गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात उकळत होती. हिलालनं सकाळीच गीझर बंद केला होता, म्हणजे घराच्या सावलीत त्यातलं पाणी गार राहतं. मस्कतमध्ये उन्हाळ्यात सगळेच असं करतात, त्यामुळे बायकोला सांगायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

नसराची किंकाळी ऐकून झुवैना दाराशी धावली.

"मावशी, लाल सोड!"

"निळ्यानं भाजलं, आता लालनं शिजवतेस होय गं?"

"लालच गार आहे! ताऱ्यांसारखं!"

"तुझे तारे ठेव तुझ्यापाशी! डोळ्यांत साबण गेलाय माझ्या!"

बाहेर झुवैनाला रडू फुटलं. "ऐक ना गं, आई! सोड ना लाल!"

नसरानं डोळे मिटून लाल नळ सोडला. गार पाणी डोक्यावर आलं आणि तिलाही रडू आलं. साबणाचं निमित्त होतंच.

"झुवैना, कानात साबण होता गं. काय म्हणालीस?"

"लाल सोड म्हणाले."

"त्याच्या आधी?"

"आधी कान धू नीट. मग सांगते."

नसरानं कान असे घासले की विचारू नका. ती बाहेर आली तेव्हा झुवैना दाराशीच उभी होती.

"आई, तुझे कान लाल झालेत!"

"म्हणजे गारच असणार," नसरा म्हणाली.