मिठाची पाठराखीण

"लोट आहे. दोन्ही मुली आहेत. देवदूत आहेत, जळतं गाव आहे, गाढवसुद्धा आहे." एल्बर्टने लिफाफा उलटा करून झटकला. "थोराताई, लोटची बायको कुठाय?"

चर्चच्या साहित्यखोलीला अर्धंच दार होतं. वरून एल्बर्टचं टक्कल दिसे आणि मागे खडू, नकाशे, बायबल शिकवायच्या कापडी आकृत्यांचे लिफाफे. फ्लॅनेलच्या फळ्यावर आकृती नुसती टेकवली की चिकटते. टाचणी नको, डिंक नको. त्या आकृत्यांच्या जिवावर थोराताईंनी उभी हयात मुलांचा रविवारचा वर्ग निभावला होता.

"आत्ता तर फळ्यावर होती."

"मग कुठं गेली? मागं वळून बघायला?" एल्बर्ट हसला. बायबलात जळत्या गावातून पळताना तिने मागं वळून पाहिलं आणि तिचा मिठाचा खांब झाला. थोराताई हसल्या नाहीत. पुढच्या सोमवारी त्यांचं घर विकल्याच्या कागदावर सही व्हायची होती. बर्फाळ पायरीवरून पडल्यापासून गुडघा साथ देत नव्हता आणि लेकीने, कार्लीनने, सॉल्ट लेकला खोली तयार ठेवली होती. पण दारातला जर्दाळू, नवऱ्याने हातांनी बांधलेला ओटा... मागं वळून बघण्यासारखं फार होतं.

घरी आल्यावर त्यांनी कोट उतरवला. आत नवऱ्याचा, ऑर्व्हलचा, जुना लोकरी स्वेटर होता. तो गेल्यापासून थंडीत हाच अंगात. घटकाभर झुलत्या खुर्चीत टेकल्या, मग सूप ढवळायला उठल्या. वळून बघतात तर खुर्चीच्या पाठीला लोटची बायको!

मान अर्धी वळलेली. हाताळून हाताळून डोळे पुसले गेलेले, तरी बघत होती. खिडकीबाहेर खोरं धुक्यात बुडालं होतं. आणि खुर्ची अजून झुलत होती.

थोराताईंनी तिला चिमटीत धरून कपाटाच्या खणात घातलं. बाहेर येऊ नये म्हणून वर स्वेटरची घडी दाबून ठेवली.

सकाळी घालायला स्वेटर उचलला तर लोकरीतून तडतड ठिणग्या उडाल्या. खण रिकामा. दुपारी पीचच्या बरण्या पुसायला तळघरात गेल्या, दमून बटाट्याच्या पोत्याला टेकल्या, उठल्या, तर पोत्यावर ती. तशीच वळलेली.

त्यांनी एल्बर्टला बोलावलं. तो बिशपना घेऊन आला. बिशप निल्सन आठवडाभर टर्की पाळत आणि रविवारी माणसं.

"शास्त्र वाचायचं ते स्वतःला लावून," बिशप म्हणाले. "ती तुमच्याकडे आलीय, म्हणजे तुम्हाला काही सांगतेय."

एल्बर्टने नव्या छापाच्या बायबलमागची विषयसूची उघडली. "मीठ... हे बघा, पृथ्वीचं मीठ व्हावं माणसानं. शुभ आहे!"

"तळटीप बघ," बिशप म्हणाले.

एल्बर्टने बघितली. चेहरा पडला. "इथं म्हणतात, लोटच्या बायकोला विसरू नका."

"विसरू कशी? ती मला सोडतच नाही!" थोराताई कळवळल्या.

"थांबा, थांबा!" एल्बर्ट म्हणाला. "कार्लीन कुठं राहते? मिठाच्या तळ्याकाठी! चला म्हणतेय ती."

"अरे शहाण्या, गाव सोडलं म्हणूनच तिचा खांब झाला ना? जाऊ नको म्हणतेय!"

बिशपनी दोघांकडे पाहिलं. "उपास करा आणि प्रार्थना करा," म्हणाले, आणि टर्कींना दाणा टाकायला गेले.

मग आठवडाभर तेच. खणात घालावी, वर स्वेटर दाबावा, सकाळी खण रिकामा. दिवसा ती कधी पलंगाच्या घोंगडीवर, कधी सोफ्याच्या पाठीवर. शनिवारी थोराताईंनी स्वेटरवर जाडजूड बायबलही ठेवलं. रविवारी खण रिकामाच. त्यांचं ठरलं: घर सोडायचं नाही.

महिन्याचा पहिला रविवार, उपासाचा. सगळं चर्च उपाशी, पोरं कुरकुरणारी. मनातलं सांगायला ज्याला वाटेल त्याने पुढे यायचं. थोराताईंनी कोट बाकावर ठेवला आणि व्यासपीठाकडे निघाल्या. त्यांच्या मागे एकेक बाक गप्प होत गेला.

"मला खूण मिळालीय," त्या म्हणाल्या. "लोटची बायको माझ्या घरी येते. खणात कोंडली तरी बाहेर पडते. कुठून येते, देव जाणे—"

व्यासपीठावर त्यांच्या मागे बसलेला एल्बर्ट ओरडला, "थोराताई, सापडली! तुमच्या पाठीवर आहे! मागं वळू नका!"

त्या वळल्याच. पाठ लोकांकडे झाली, आणि लोकरीला घट्ट चिकटलेली ती बाई सगळ्या चर्चने पाहिली. आधी कुणीतरी किंचाळलं. मग उपाशीपोटी सगळे इतके हसले की बिशपना भजन लावावं लागलं.

थोराताई मात्र बाकावर शांत बसल्या होत्या. मांडीवर ती कापडी बाई घेऊन विचार करत होत्या. आठवडाभर मी पुढे चालत होते, आणि ही माझ्या पाठीवरून, माझ्या वतीने, मागं माझं घर बघत होती.

सोमवारी सही झाली. कार्लीन गाडी घेऊन आली. एल्बर्ट लिफाफा घेऊन फाटकाशी उभा.

"ती द्या ना परत."

"नाही देत."

"मग लिफाफ्यात काय ठेवू?"

"चिमूटभर मीठ ठेव. शेवटी तिचं तेच तर व्हायचं असतं."

"आई, कोट घाल! गारठशील!" कार्लीन ओरडली.

"कोट घातला तर तिला दिसणार कसं?"

आणि नव्या नवरीमागून पाठराखीण निघावी तशी ती बाई निघाली. ओट्यावरून, जर्दाळूखालून, फाटकातून. थोराताईंनी एकदाही मान वळवली नाही. गाडीतही पुढे वाकून बसल्या, तिला काचेतून दिसावं म्हणून.

सॉल्ट लेकला पोचल्यावर कार्लीनने स्वेटर उतरवला. "आई, हिच्या गालावर हे पांढरं काय गं?"

पुसलेल्या डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत एक बारीक, वाळलेली रेघ होती. थोराताईंनी बोट फिरवून जिभेला लावलं.

"खारट."

"रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकतात ना, ते उडालं असेल."

"असेल," थोराताई म्हणाल्या. "काचा बंद होत्या, पण असेल."

आणि पदराने पुसावेत तसे, स्वेटरच्या बाहीने त्यांनी तिचे गाल हळूच पुसले.