पिवळ्या पट्ट्या आणि अध्यक्षांचं भाषण

एकही खुर्ची उडणार नाही, असं मी मोठ्या बाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि आधीच सांगून ठेवतो, एकही उडाली नाही. माझा शब्द म्हणजे शब्द. बाकी जे काही झालं, त्याबद्दल मी शब्द दिलेलाच नव्हता.

मी सुतारकाम शिकवतो. शाळा जरा वेगळी आहे. तेरा ते अठरा वयाची बावीस मुलं. डोकी तल्लख, पण राग, भीती, रडू यांतलं काहीही आलं की ते पाहुण्यासारखं बेल वाजवून येत नाही, दार तोडून आत येतं. त्या दाराला एखादी बरी कडी बसवायची, एवढंच आम्हा सगळ्यांचं काम. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या वर संस्थेचे अध्यक्ष, आणि अध्यक्षांच्या वर फक्त छप्पर. तेही त्यांच्या आवाजाने हलतं.

माणूस वाईट नाही हो. पण आवाज असा, की ते कुजबुजले तरी शेजारच्या इमारतीतलं बाळ झोपेतून उठावं.

"असल्या मुलांच्या हातात हातोडे?" असं त्यांनी फोनवर विचारलं तेव्हा मोठ्या बाईंनी फोन हातभर लांब धरला होता. मी व्हरांड्यात होतो. मला शब्दन् शब्द ऐकू आला.

थोडक्यात, बुधवारी साहेब येणार, मुलांना चार शब्द सांगणार, आणि त्या वेळात एकाही पोराने गोंधळ घातला तर सोमवारपासून सुतारकाम बंद. माझ्या वर्गात जुन्या खुर्च्या रचून ठेवणार. मला कुठे रचणार, ते ठरलेलं नव्हतं.

मी घरी येऊन हे सांगितलं. बायको म्हणाली, "तुम्ही काही करू नका. नुसते उभे राहा."

"अगं, पण काहीतरी उपाय..."

"तुमच्या उपायापुढे मूळ दुखणं बरं वाटतं. म्हणून सांगतेय."

अशी माणसं घरात असली की मोठी कामं होत नाहीत. मी रात्रभर विचार केला आणि उपाय काढला.

आमच्याकडे पद्धत होतीच. आतून उकळी फुटायला लागली की मुलाने हात वर करायचा आणि पाच मिनिटं बाहेर जाऊन बसायचं. का, कशासाठी, कुणी विचारायचं नाही. पण अध्यक्षांसमोर हात वर केला तर त्यांना वाटणार, याला प्रश्न पडलाय. ते उत्तर देणार. आणि त्यांचं उत्तर म्हणजे दुसरं भाषण. म्हणून हाताऐवजी पट्टी! प्लायवूडची, वीतभर लांब, पिवळाधमक रंग. पट्टी दाखवायची, दाराजवळच्या बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकायची आणि बाहेर जायचं. काम कसं शिस्तीचं दिसलं पाहिजे.

मी नियम लिहून सभागृहाच्या दारावर चिकटवले. एक, पट्टी दाखवणाऱ्याला कुणी अडवायचं नाही. दोन, पट्टी डब्यात टाकूनच जायचं. तीन, बाहेर दर दोन मुलांमागे एक मोठं माणूस बसेल आणि ते एक अक्षर बोलणार नाही. चार, ज्याच्याकडे कार्यक्रमाची जबाबदारी, त्याने जागा सोडायची नाही.

मुलं जमली. आमच्यात एक सोळा वर्षांची मुलगी आहे, तिला सगळे वकीलबाई म्हणतात. तिचं पुस्तकांचं कपाट माझ्या वर्गात अर्धं उभं होतं, फक्त दारं बसवायची बाकी. त्यामुळे माझ्याइतकाच तिचाही जीव टांगणीला लागला होता. तिने चारही नियम वाचले, मग पुन्हा वाचले.

"सर, एकेकच पट्टी? मागच्या वर्षी साहेब एक तास वीस मिनिटं बोलले होते."

"तेवीस," तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला. याला आम्ही घड्याळ म्हणतो. कशाला किती मिनिटं लागली ते तो सांगतो, आणि चुकत नाही.

"बरं, दोन-दोन देतो."

"तीन. आणि तसं कागदावर लिहा."

लिहिलं. आमच्या मुलांशी तोंडी व्यवहार चालत नाही. मोठ्यांनी त्यांना तोंडी पुष्कळ काय काय दिलेलं असतं. मग मी दोन दिवस करवत चालवली आणि सहासष्ट पट्ट्या पाडल्या.

बुधवारी अकरा वाजता साहेब आले. कार्यक्रम माझ्याकडे होता, म्हणून मी टेबलाशी उभा. मुलं अशी बसली होती, जणू फोटो काढायचाय.

"माझ्या बालमित्रांनो!" साहेब म्हणाले. खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

पहिली पट्टी चौथ्या मिनिटाला वर गेली. मुलगा उठला, खुर्ची न वाजवता मागे सरकवली, दाराशी गेला. खण्ण!

आता, पत्र्याच्या डब्यात लाकूड पडलं की आवाज होतो, हे सुताराला कळायला हवं होतं, हे मला मान्य आहे.

साहेब थांबले. "काय पडलं?"

"काही नाही साहेब, चालू द्या," मी म्हणालो.

खण्ण. खण्ण. आणखी दोघं. त्यांच्यामागून गणिताच्या बाई, नियम तीनप्रमाणे. साहेबांना वाटलं, मागच्यांना ऐकू जात नसेल. त्यांनी आवाज चढवला. आवाज चढला तसे पाच जण उठले. खण्ण खण्ण खण्ण. त्या खणखणाटावर मात करायला साहेबांनी आणखी चढवला आणि टेबलावर मूठ आपटली. एकदम सहा जण!

जितकी पोरं बाहेर, तितका डब्याचा आवाज. जितका डब्याचा आवाज, तितके साहेब मोठ्याने. आणि जितके साहेब मोठ्याने, तितकी पोरं बाहेर. मी ते यंत्र स्वतःच्या हाताने बनवलं होतं आणि त्याला बंद करायचं बटणच ठेवलं नव्हतं.

पाच मिनिटं झाली की बाहेरचे परत येत. दारापर्यंत येत, आतला आवाज ऐकत, आणि तिथूनच दुसरी पट्टी टाकून मागे वळत. मुलांच्या मागे चित्रकलेचे सर गेले, ऑफिसातले क्लार्क गेले, बसचे ड्रायव्हरकाका गेले. स्वयंपाकाच्या मावशी तर इतक्या आनंदाने गेल्या, की मला शंका आली त्यांनीही कुठून तरी एक पट्टी मिळवली होती. शेवटी मोठ्या बाई उठल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने माणसं प्रेतावरची चादर नीट करतात.

सभागृहात वीस रिकाम्या खुर्च्या. समोर वकीलबाई आणि घड्याळ. टेबलामागे साहेब, घामाने निथळलेले, आणि टेबलाशी मी.

"एकोणचाळीस मिनिटं," घड्याळ म्हणाला, आणि दोघांनीही पट्ट्या वर केल्या.

मी घाईने पुढे झालो. "चला, मी येतो तुमच्याबरोबर."

"तुम्हाला नाही येता येणार, सर. नियम चार," वकीलबाई म्हणाली.

"अगं, मग मोठं माणूस कुठून आणू? सगळी संपली!"

तिने टेबलामागे पाहिलं. घड्याळानेही पाहिलं. मग, देवाशपथ, माझीही मान तिकडेच वळली.

"काय?" साहेब म्हणाले.

"साहेब, तुम्हाला आमच्याबरोबर बाहेर बसायला लागेल," वकीलबाई म्हणाली. "पाच मिनिटं. काही बोलायचं नसतं."

"मी? बोलायचं नाही?"

"दारावर लिहिलंय."

साहेब दारापर्यंत गेले, चष्मा लावून चारही नियम वाचले आणि बाहेरच्या बाकावर दोघांच्या मधे बसले. मी जागा सोडू शकत नव्हतो, म्हणून चौकटीला चिकटून उभा राहिलो. व्हरांडाभर दोन मुलं आणि एक मोठं, दोन मुलं आणि एक मोठं, अशी ओळ. सगळे गप्प.

एका मिनिटाने साहेबांनी तोंड उघडलं. वकीलबाईने नुसती तीन बोटं दाखवली. तोंड मिटलं.

मग तीच बोलायला लागली. मुलांना बोलायला बंदी नव्हती.

"साहेब, तुम्ही चांगलंच सांगत होतात. पण तुमचा आवाज वर गेला की माझ्या छातीत धडधडतं आणि हातात येईल ते फेकावंसं वाटतं. सगळ्यांनाच वाटतं. पण आज कुणीच काही फेकलं नाही. सगळे पट्टी ठेवून बाहेर आले. खुर्च्या मोजून बघा हवं तर. माझं कपाट सरांच्या वर्गात अर्धं झालंय. त्याचे खिळे मी मारलेत, हातोड्याने. एवढंच."

साहेब जमिनीकडे बघत राहिले. घड्याळाने सांगितलं, "झाली पाच."

मग साहेबांनी विचारलं, आणि खरं सांगतो, दोन पावलांवरूनही मला जेमतेम ऐकू आलं इतक्या हळू विचारलं, "कपाट दाखवशील?"

कपाट पाहिलं. फळीवरून हात फिरवला. वर्ग चालू राहील, असं तिथल्या तिथे सांगितलं. मोठ्या बाईंनी भिंतीचा आधार घेतला. मी बायकोला लगेच फोन लावला आणि माझा उपाय कसा फळला ते मीठमसाला लावून सांगितलं. ती म्हणाली, "अजून संध्याकाळ झाली नाही."

तिचं बरोबर होतं. निघताना साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गुरुजी, मलाही शिकवा. एक साधं स्टूल करायचंय. दर बुधवारी येत जाईन."

ते येतात. मुलांसमोर आवाज अगदी मऊ. वकीलबाईने कपाटाला दारं बसवली तेव्हा बिजागरी धरायला हेच पुढे. पण न बोलता माणूस किती वेळ राहणार? भाषणं साठतात. मग मुलं आपापल्या कामाला लागली, की ते रंधा बाजूला ठेवतात, माझ्याजवळ सरकतात आणि हळू आवाजात माझ्या कानात सुरू होतात. संस्थेची स्थापना, पहिली इमारत, दुसरी इमारत. मी मोठ्या बाईंकडे स्वतःसाठी एक पट्टी मागितली. त्या हसल्या आणि चहा प्यायला निघून गेल्या.

सात बुधवार झाले. स्टुलाचे तीन पाय तयार झालेत. परवा मी जीव एकवटून म्हणालो, "साहेब, खरं सांगू का, तीन पायांचं स्टूल जास्त भक्कम असतं. डगमगत नाही. झालं की आपलं."

"असं?" साहेब खूश झाले. "मग चौथा पाय दुसऱ्या स्टुलाला घेऊ."