उदाजीरावांकडे आलेल्या शिफारशी

एका जंगलात, मुलांनो, एक उदमांजर राहत होतं आणि त्याला वाचक होते. तिथेच सगळं बिघडलं.

त्याचं नाव उदाजीराव. कांडोळाच्या पांढऱ्या, गुळगुळीत खोडावर उदाजीराव रोज नखाने चार ओळी लिहायचे. याला ब्लॉग म्हणतात. 'आज उंबरं खाल्ली. आत किडे होते. तेही खाल्ले.' एवढंच. पण पोट भरलेलं असायचं, त्यामुळे लिहिणंही बरं व्हायचं. जंगल येता-जाता वाचायचं आणि हसायचं.

एके दिवशी उदाजीरावांना कंटाळा आला. त्यांनी लिहिलं, 'वाचकहो, आता तुम्हीच सांगा, मी काय खाऊ?'

हे विचारायची काही गरज होती का? हंगाम ऐन भरात होता, फळं डोक्यावर पडत होती. पण अवदसा आठवली, दुसरं काय!

घोरपडबाईंनी पलीकडच्या डोंगरातली तोरणं नावाची रानफळं सुचवली. 'आयुष्यात एकदा तरी खाच!' भेकराने ओढ्याकाठचं जांभूळ सुचवलं. मग सातभाई पक्षी आले आणि सातही जणांनी त्याच जांभळाची वेगवेगळी शिफारस केली, कारण प्रत्येकाच्या मते ते त्यालाच आधी सुचलं होतं.

उदाजीरावांना गहिवरून आलं. आपल्या पोटाची एवढी काळजी एवढ्या जणांना! यातलं एकही विसरायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. प्रत्येक शिफारशीला एक पान. गोड फळाला पळसाचं, आंबटाला सागाचं. पानावर सुचवणाऱ्याचं नाव. सगळी पानं वेलीवर ओळीने टांगलेली.

आता आधी कोणाचं खायचं? तोरणं खाल्ली तर भेकर रुसणार. जांभूळ खाल्लं तर ते सातांपैकी कोणाचं म्हणून खायचं? तेव्हा सगळ्या शिफारशी आधी नीट लावून घेऊ आणि मग जेवू, असं ठरलं. तोवर उपास.

शिफारशी काही थांबेनात. उदाजीरावांचं पोट पाठीला लागलं. शेजारी उंबरांचा सडा पडला होता, पण उंबर कोणीच सुचवलेलं नव्हतं.

एकदा घोरपडबाई आल्या. उदाजीराव ओशाळले.

"बाई, तुमची तोरणं अजून खायची राहिलीत हो."

"कुठली तोरणं?"

"तुम्हीच नाही का सांगितलीत?"

"अगं बाई, हो की! चांगली असतात म्हणे. मी कुठे खाल्लीत? मी आपली अंडी खाते. ते जाऊ दे, माझं पान कुठाय?"

उदाजीरावांनी पान दाखवलं. घोरपडबाईंनी ते डोळे भरून पाहिलं. मग मान वाकडी केली. "भेकराच्या खाली?"

उदाजीरावांनी पान वर घेतलं. दुसऱ्या दिवशी भेकर आलं. पान खाली घेतलं. वाचकांची रीघ लागली. कोणी विचारेना, तुम्ही जेवलात का.

पुढे उदाजीरावांना उभं राहवेना. ही बातमी एका कासवाला कळली. कासवाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्याला सरळ कळली. त्याने एक पिकलेला आंबा नाकाने ढकलत आणला.

"खा," कासव म्हणालं.

"कोणाची शिफारस?"

"कोणाची नाही. पिकलाय. खा."

"एका पानावर तुमचं नाव लिहून दिलंत, तर मी—"

"मला लिहिता येत नाही."

"मग हा ठेवू कुठे?"

"अरे बाबा, ठेवायचा नाही, खायचाय!"

वासाने उदाजीरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांनी मान पुढे केली. तेवढ्यात सातभाई कलकलले, "आम्ही केव्हापासून रांगेत, आणि हा आजचा आला तर याचा आधी?" भेकर नाराजीने भुंकलं. घोरपडबाईंनी नुसतं पाहिलं.

उदाजीरावांनी मान मागे घेतली. भूक सोसत होती, वाचकांची नाराजी सोसवत नव्हती. "तुमचा नंबर शेवटी येईल," ते कासवाला म्हणाले. खरं सांगायचं तर तेव्हा त्यांना रडू येत होतं.

कासवाने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग तो आंबा तिथेच, त्यांच्यासमोर, सालीसकट खाल्ला आणि ते निघून गेलं.

उदाजीराव आडवे झाले. वाचक गोळा झाले. अशक्तपणावर भेकराने मध सुचवला, घोरपडबाईंनी कसलासा कंद सुचवला. आणायला कोणी उठलं नाही. उदाजीरावांनी पळसाचं एक पान पुढ्यात ओढलं, 'मध' एवढं लिहिलं, आणि ते गेले.

वाचक मनापासून रडले. मग श्रद्धांजलीत पहिलं नाव कोणाचं, यावर दिवस मावळेपर्यंत भांडले. शेवटी एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, आणि ती त्यांनी कांडोळाच्या खोडावर ठळक कोरली: 'येथे फळे घेऊन येऊ नये.'

तात्पर्य : भुकेल्याला नेहमी सल्लाच द्यावा. फळ दिलं तर तो मेला ते खाऊन टाकतो, मग आपलं नाव टांगायचं कुठे?