बुटांच्या कपाटातला गुप्तजावई

आयुष्यात एक तरी गोष्ट बायकोपासून लपवून दाखवायची, असं मी ठरवलं आणि तिथेच माझे ग्रह फिरले.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? तुमची बायको ग्रंथालयात नसेल. आमची ही सहायक ग्रंथपाल आहे. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर उलटं ठेवलंय हे तिला लांबून कळतं, तिथे माझी काय कथा! बाहेर काही खाऊन आलो तर दारातच विचारते, "फार तिखट होतं का?" (होतं.) त्यात सासूबाई आमच्याकडेच राहतात. माझ्या फोनवर कुणाचा मेसेज आला की त्या तो मोठ्यांदा वाचतात. जावईबापूंना चष्मा सापडत नाही म्हणून, असं त्यांचं म्हणणं.

अशा माणसाला ऑफिसातल्या वायरमास्तरने चहा पिता पिता एका निनावी जाळ्याची गोष्ट सांगितली. (त्याचं खरं पद बरंच मोठं आहे, पण आम्ही त्याला कायम टेबलाखालीच बघतो.)

"पाकिटात पाकीट, त्यात आणखी एक पाकीट," तो म्हणाला. "तीन अनोळखी माणसांचे कॉम्प्युटर. प्रत्येकाने आपलं पाकीट फोडायचं आणि आतलं पुढे द्यायचं. कुणी पाठवलं आणि कुठे चाललंय, हे दोन्ही एकालाही कळत नाही."

"पण हे हवंय कुणाला?"

"ज्यांच्यावर कुणाची तरी नजर असते त्यांना. घरात मार खाणारी बाई गुपचूप मदत शोधते. बातमीदार बातमी पाठवतो. तू मधला हमाल हो. जुना कॉम्प्युटर पुरेल."

मधला हमाल! अहो, सासूबाईंचा निरोप हिला आणि हिचा सासूबाईंना, आतलं काहीही न समजता, मी लग्नापासून पोचवतोच आहे. अनुभवाचा दाखला मागितला असता तर पहिला नंबर माझा होता.

अडगळीतला कॉम्प्युटर मी दाराजवळच्या बुटांच्या कपाटात बसवला, कारण नेटचा डबा त्याच्या बरोबर वर आहे. वायरमास्तर फोनवरून सांगत गेला. एक फाइल उघडायची. तिच्यात सगळ्या ओळी आधीच लिहिलेल्या असतात, पण प्रत्येकीच्या पुढे फुलीगोळ्याच्या चौकटीसारखं एक चिन्ह असतं. चिन्ह आहे तोवर ओळ झोपलेली. ते पुसलं की ती जागी होते. टोपणनावाच्या ओळीत मी 'गुप्तजावई' लिहिलं. पुढची ओळ संपर्काची होती.

"तिथे टाक काहीतरी," असं म्हणून वायरमास्तर टेबलाखाली गेला आणि फोन कट झाला.

'काहीतरी' हा शब्द माझ्या टेबलावर चालत नाही. अर्धवट भरलेले अर्ज परत करण्यात माझी उभी नोकरी गेली आहे. मी संपर्काची ओळ काठोकाठ भरली आणि शेवटी एक शेराही मारला. मग घरातल्या नेटपैकी हमालाने किती वापरावं, त्या मर्यादेचा आकडा घातला. हे सगळं एकट्याने. छाती इतकी फुगली की कपाटाचं दार लागेना.

सुरुवातीला काहीच घडलं नाही. नवख्या हमालावर कोण ओझं टाकतो? मग हळूहळू वर्दळ वाढली, कॉम्प्युटर गरम झाला आणि एके सकाळी सासूबाई चपला पायात घालून गदगदल्या.

"जावईबापू, चपला ऊन केल्यात तुम्ही माझ्यासाठी?"

मी मान खाली घातली. (विनय समजला गेला.) दुपारपर्यंत साऱ्या शेजाराला कळलं की जावई असावा तर असा.

पण त्याच सुमाराला घरातलं नेट रांगायला लागलं. आणि हिची मुलाखत आली होती. मुख्य ग्रंथपालपदाची, पडद्यावरून. गेल्या वेळी हिने शिकवून तयार केलेला माणूस हिच्या डोक्यावरून वर गेला होता. ही तेव्हा नुसती घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. ते माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. या खेपेला ते पद हिलाच मिळायला हवं होतं. मीही हिच्याबरोबर नेटवाल्याच्या नावाने बोटं मोडत होतो. माझ्या हमालावर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. त्याला मी मर्यादा घातली होती ना!

मुलाखत सुरू झाली. मी दाराला कान लावून उभा.

"वाचकांचा... वाच... वा..."

"बाई, तुमचं तोंड उघडंच राहिलंय," पलीकडून अध्यक्षबाईंचा आवाज आला.

काहीही असो, आधी हमालाचा प्लग काढू, म्हणून कपाटाकडे धावलो. तिथे सासूबाई खुर्ची टाकून, दोन्ही पाय कपाटात घालून बसलेल्या.

"शेक घेतेय. किती छान आहे हो!"

"जरा पाय काढता? वायर..."

"हळू! पोरीची मुलाखत चाललीय."

मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि तिथूनच कपाटातल्या कॉम्प्युटरमध्ये शिरलो. बंद करण्याआधी मर्यादेच्या ओळीवर नजर गेली. आकडा होता. आणि त्याच्या पुढे ती फुलीगोळ्याची चौकटही होती! आकडा मी घातला होता, पण ओळीला उठवलंच नव्हतं. माझ्या मर्यादेच्या उशाशी बसून हमाल घरातलं सगळं नेट पीत होता. मी चिन्ह पुसलं, हमालाला फाइल पुन्हा वाचायला लावली आणि कान टवकारले.

आतून हिचा आवाज आला. सलग, स्पष्ट, नळाला पाणी यावं तसा. मी ओट्याला टेकून एकटाच नाचलो. पुढे तर आतून चक्क हसण्याचा गडगडाट ऐकू आला. मग दार उघडलं.

"मिळालं," ही म्हणाली. "तिथल्या तिथे सांगितलं त्यांनी."

सासूबाई रडल्या, मी रडलो. हिला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. आणि माझं गुपितही शाबूत!

"हसत कशाला होते सगळे?" मी डोळे पुसत विचारलं.

"त्यांनी विचारलं, कोण काय वाचतं हे गुपित राहावं म्हणून काय कराल? मी एका निनावी जाळ्याची माहिती दिली."

माझे डोळे आपोआप कोरडे झाले.

"अध्यक्षबाई म्हणाल्या, आपल्या गावात कुणी चालवतं का ते? त्या जाळ्याची यादी कुणालाही बघता येते. मी पडद्यावर उघडली, गावाचं नाव टाकलं. एकच निघालं. गुप्तजावई."

"असेल कुणी..."

"अहो, संपर्काची ओळ जगजाहीर असते! तुमचं पूर्ण नाव, फोन, माझ्या अर्जावरचाच पत्ता. अध्यक्षबाई म्हणाल्या, 'जिच्या घरातच हे काम चालतं, तिला आम्ही काय विचारणार?' आणि मग खालचा शेरा मोठ्यांदा वाचला."

"कुठला शेरा?" (मी उगाच विचारलं.)

"'कृपया घरी फोन करू नये. बायकोला माहीत नाही.'"

जगभरची माणसं लपवणाऱ्या त्या जाळ्यात मी एकटाच उघडा पडलो होतो. पण ही रागावली नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "राहू दे ते कपाटात. चांगलं काम करताय."

एवढं ऐकून माणूस हवेत तरंगणार नाही तर काय! फक्त एक अडचण झाली. मर्यादा लागल्यापासून कॉम्प्युटर थंड पडला, आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाई चपलांत पाय घालून म्हणाल्या, "मुलगी मोठी साहेब झाली, जावई बदलला."

तेव्हापासून घरात कुणी उठायच्या आत मी हेअर ड्रायरने त्यांच्या चपला शेकतो. हे मात्र अगदी पक्कं गुपित आहे. माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही, असं मी आज सकाळपर्यंत समजत होतो.

"अहो," आतून हिचा आवाज आला, "चपला झाल्या की माझ्या बुटांवरूनही एक हात फिरवा."