चाळीस वॅटचा चोर

सकाळी नऊ वाजता आईने घरातली सगळी बटणं बंद केली, फ्रिजचा प्लग काढला, दाराची घंटासुद्धा सोडली नाही. मग घरातलं एकुलतं एक उंच स्टूल उचलून ती जिन्याखाली मीटरसमोर जाऊन बसली. हातात घड्याळ, मांडीवर वही.

"आता बघतेच," ती म्हणाली, "कोण कुणाला फसवतंय ते."

लेक दारात उभी होती. कोण कुणाला फसवतंय हे तिला चांगलं माहीत होतं.

आई तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होती. ती लांबून येताना दिसली की दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे. तिने उभी केलेली एकही केस कधी फेटाळली गेली नव्हती, आणि ही गोष्ट ती दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सांगत असे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी घरात आलेली साखर ती आधी तोलायची आणि मग डब्यात भरायची.

दोन महिन्यांपूर्वी वीज कंपनीचं पत्रक आलं. मागच्या वर्षापेक्षा दहा टक्के वीज कमी वापरा आणि बिलात घसघशीत सवलत मिळवा. कमी वीज, कमी कोळसा, स्वच्छ हवा. खाली वीज केंद्राच्या धुराड्याचं चित्र होतं. तेच धुराडं स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं, फक्त चित्रातल्या धुराड्यातून धूर येत नव्हता. खरं धुराडं रोज सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर काळी भुकटी ठेवून जायचं.

"कमी घ्या म्हणून गिऱ्हाइकाला पैसे देणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नाही," आई म्हणाली. "तराजू त्यांचा, वजन त्यांचं, मापणार ते आणि बक्षीसही तेच देणार. यात लबाडी आहे. कुठे आहे तेवढंच शोधायचंय."

ते शोधायला म्हणून आईने योजनेत नाव दिलं. कपडे इस्त्रीऐवजी गादीखाली जाऊ लागले. बाथरूमचा दिवा काढून ठेवला गेला, आणि अंघोळीचं गरम पाणी अर्ध्या बादलीवर आलं. लेक ग्रंथालयात नोकरी करायची. तिने वाचन खिडकीशी बसून करावं, असा हुकूम निघाला. महिनाअखेर बिल आलं. मागच्या वर्षी त्या महिन्यात एकशे दहा युनिट होते. यंदा एकशे चोवीस.

आईने बिल तीनदा वाचलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट, सकाळपासून उपाशी असलेल्या माणसापुढे ताट यावं तसा तो खुलला होता.

खरी गोष्ट अशी होती की पत्रक आलं त्याच आठवड्यात डॉक्टरांनी आईची छाती तपासली होती. फुप्फुसं दमलीत, खोलीत हवा साफ करणारं यंत्र लावा, असं ते म्हणाले.

"हवा?" आईने विचारलं होतं. "किती ग्रॅम साफ केली ते तोलून दाखवा, मग पैसे देते."

गच्चीवर जाताना जिन्याच्या चार पायऱ्या चढून ती कठडा धरून थांबायची आणि कुणी पाहिलं तर भिंतीवरचा रंग निरखत असल्याचं दाखवायची. लेकीने हे चार दिवस पाहिलं आणि एके दिवशी यंत्र विकत आणलं. आईच्या पलंगावरच्या माळ्यावर एका खोक्यात ते बसवलं. खोक्याची मागची बाजू कापली आणि पुढे जाड अक्षरात लिहिलं, 'पुस्तकं'. त्या घरात या एका शब्दाने आईला हमखास लांब ठेवता यायचं. माळ्यावर जुन्या दिव्याचा, बटण नसलेला सॉकेट होता, तिथे प्लग लावला. यंत्राची घरघर पंख्याच्या घरघरीत मिसळून गेली.

पंधरा दिवसांत आईचा खोकला उतरला.

"धूर कमी झालाय गं," ती खिडकीत उभी राहून म्हणाली. "लोक वीज वाचवतायत. मी उगाच शंका घेतली. योजना खरी आहे. फक्त आपला मीटर कुणीतरी खातंय."

तर आता ती मीटरसमोर बसली होती. सगळं बंद असताना मीटरवरचा छोटा लाल दिवा लुकलुकायला नको होता. तो लुकलुकला. आईने घड्याळ पाहिलं. पुन्हा लुकलुकला.

"अठ्ठावीस सेकंद," ती म्हणाली आणि वहीत आकडेमोड केली. "चाळीस वॅट. दिवसाचे चोवीस तास. महिन्याला एकोणतीस युनिट! अगं, हा काही बिघाड नाही. हा पगारी माणसासारखा रोज कामावर येणारा चोर आहे."

"सेकंद चुकले असतील," लेक म्हणाली.

"घड्याळ वरच्या काकांनी दुरुस्त केलंय. चुकत नाही." मग तिचा आवाज हळू झाला. "थांब. वरच्या काकांनी दुरुस्त केलंय."

वर घड्याळवाले काका राहायचे. एकटे होते, खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा, डोळ्याला भिंग. दोन्ही घरांचे मीटर जिन्याखाली एकाच फळीवर होते.

"बारीक तारा हाताळणारा माणूस," आई म्हणाली. "आणि घड्याळाचे पैसे घेतले नव्हते त्यांनी. तेव्हाच मला खटकलं होतं."

आता काहीतरी करायला हवं होतं. स्टूल आईच्या बुडाखाली होतं. लेक आत गेली, खुर्ची ओढली, हात पोचेना. खुर्चीवर शब्दकोशाचे तीन खंड रचले, वर चढली आणि प्लग उपटला. नेमकी त्याच क्षणी आई जिन्यात मान वर करून गरजली, "कोण आमची वीज खातंय ते मला कळलंय!"

वरचं दार उघडलं. काका भिंग लावूनच बाहेर आले. "काय झालं बाई?"

"काही नाही. तुमचं चालू द्या."

आई सात मिनिटं मीटरकडे बघत बसली. दिवा लुकलुकला नाही. ती आत आली तेव्हा लेक शब्दकोश जागेवर ठेवत होती.

"पाहिलंस? मी तोंड उघडलं आणि बंद! याला म्हणतात पुरावा."

जिन्याखालच्या धुळीत इतका वेळ बसल्याने तिला ढास लागली. ती पलंगावर टेकली आणि खोकत राहिली. लेकीने तिला पाणी दिलं, आणि ती डोळे मिटून पडल्यावर स्टूल आणून प्लग परत लावला.

दुपारी आईने पुन्हा सगळं बंद करून पाहिलं. अठ्ठावीस सेकंद.

"चोर जेवून परत आला," ती समाधानाने म्हणाली आणि तक्रार लिहायला बसली. विषय, संदर्भ, मुद्दे एक ते सहा. सहाव्या मुद्द्यात वरच्या मजल्यावर 'संशयास जागा' होती. लेक म्हणाली, मी देऊन येते. आई म्हणाली, तू पोच घ्यायला विसरशील. ती स्वतः निघाली. लेक मागोमाग गेली.

वीज कंपनीचं कार्यालय चढावर होतं. आई तो चढ एका दमात चढली. मधे कठडा नाही, भिंत नाही, कुठलाच रंग निरखला नाही. पोचेवर शिक्का नीट उमटला नाही म्हणून तिने दुसरा मारून घेतला.

परत येताना लेक म्हणाली, "आई, एक सांगायचं होतं."

"काय?"

"काही नाही. जपून चाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली नाही. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. फुप्फुसं त्या मानाने बरी होती.

सहा आठवड्यांनी भर दुपारी दाराची घंटा वाजली. वीज कंपनीचा तपासनीस उभा होता. बारीक मिशी, बगलेत फाइल.

"तक्रारदार?"

"माझी आई. ती वारली."

"कधी?"

"तक्रार दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

तपासनीसाने फाइलमध्ये पाहिलं, मग लेकीकडे, मग हळूच जिन्यातून वर. "दुसऱ्याच दिवशी?"

"हृदय थांबलं होतं."

"थांबतंच ते," तो म्हणाला. "का थांबलं ते महत्त्वाचं."

"मला ही तक्रार मागे घ्यायची आहे."

"मागे फक्त तक्रारदार घेऊ शकतो."

"ती तर..."

"म्हणूनच म्हणतो, आता कुणीच घेऊ शकत नाही."

त्याने घरभर फिरून बटणं बंद केली आणि मीटरसमोर उभा राहिला. लेक मागे उभी होती. यंत्र चालू होतं. ते बंद करायला ती रोज स्टूल काढायची आणि रोज परत ठेवायची.

"अहो, ऐका ना, खरं म्हणजे..."

"बोलू नका. मोजतोय." दिवा लुकलुकला. पुन्हा लुकलुकला. तपासनीसाने फाइल उघडली आणि त्याचा आवाज एकदम आदराचा झाला. "अठ्ठावीस. चाळीस वॅट. बाईंनी लिहिलंय तेच. साध्या मनगटी घड्याळावर काढलंय हे? आमच्या खात्यात अशी चार माणसं असती तर!"

खरं सांगितलं तर आईची तक्रार खोटी पडेल, या विचाराने लेकीचं तोंड पुन्हा मिटलं. तीस वर्षांत एकही केस फेटाळली गेली नव्हती. जाता जाता शेवटची फेटाळली जावी, आणि तीही पोटच्या मुलीमुळे?

आवाज ऐकून काका खाली आले. आई गेल्यापासून ते रोज दुपारी लेकीसाठी चहा आणत. आजही एका हातात कप होता. दुसऱ्या हातात चुकून बारीक स्क्रू ड्रायव्हर राहिला होता.

"हे कशाला?" तपासनीसाने विचारलं.

"घड्याळं दुरुस्त करतो."

"तारासुद्धा?"

"घड्याळात तारा नसतात हो साहेब. स्प्रिंग असते."

"माहिती बरीच आहे तुम्हाला. जरा तुमचा मेन स्विच बंद करून या."

काका कप पायरीवर ठेवून वर गेले, स्विच बंद करून आले. खालचा दिवा लुकलुकतच राहिला.

"बघा, मी सुटलो," काका म्हणाले.

"सुटलात? तुमचा मेन बंद आणि चोरी चालू. म्हणजे तार मेनच्या अलीकडून नेलीय. हे नवशिक्याचं काम नाही." तपासनीसाने भिंतीवर बोटांनी टकटक केली. "भिंत फोडावी लागेल. तोवर तुमचा पुरवठा तोडतो."

"माझं टेबल बंद पडेल हो. दिव्याशिवाय मला स्क्रू दिसत नाही."

"बाईंनी नाव दिलंय तुमचं. मुद्दा सहा. आणखी काही सांगायचंय?"

काकांनी भिंग काढलं. भिंगाशिवाय त्यांचा चेहरा फारच उघडा दिसायचा. "बाईंनी?" ते म्हणाले. "माझं? मी त्यांचं घड्याळ दुरुस्त केलं, त्याचे पैसेसुद्धा घेतले नव्हते."

"का नाही घेतले?" तपासनीसाने पेन्सिल सरसावली.

काका खालच्या पायरीवर बसले. "फोडा भिंत," ते म्हणाले. "काही सापडायचं नाही. पण त्या मला चोर समजून गेल्या, हे आता कुठे फोडून काढू?"

"चोर मी आहे," लेक म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. आणखी काही सांगायला तोंड उघडलं तर बंद होईल की नाही याची खात्री नसल्याने ती सरळ आत गेली, स्टूल ओढलं, वर चढली आणि प्लग काढला.

"थांबलं!" जिन्याखालून तपासनीस ओरडला. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. "थांबलं हो!"

तो आत आला तेव्हा लेकीने खोकं पलंगावर उतरवलं होतं. मागे काका होते. तपासनीसाने यंत्र उलटं करून खालची पट्टी वाचली आणि तृप्त झाला. "चाळीस वॅट. एक वॅट इकडे नाही की तिकडे नाही." मग त्याने जाळी बाहेर ओढली. ती कोळशासारखी काळी होती. काका पुढे झाले, बोट लावून पाहिलं आणि बोट बराच वेळ बघत राहिले.

"तर लिहून घेऊ," तपासनीस पलंगाच्या कडेला बसला. "तक्रार खरी. चाळीस वॅट, तक्रारदाराच्या नकळत, चोवीस तास. शब्दन्‌शब्द खरी. फक्त मुद्दा सहा दुरुस्त करतो. वरच्या मजल्याऐवजी घरातील व्यक्ती."

"म्हणजे फेटाळली नाही?"

"फेटाळेन कशी? इतकी चोख तक्रार मी पाहिलेली नाही." त्याने मागची पानं चाळली. "हे एकोणतीस वजा केले तर तुमचे पंच्याण्णव युनिटच होतात. बाईंना सवलत मिळाली असती. हे त्यांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तिने हे बंद केलं असतं. सवलतीसाठी नाही. कुणी आपल्यासाठी काही करतंय याचाच तिला संशय यायचा."

काका खिडकीकडे बघू लागले.

"ते कळलं," तपासनीस म्हणाला. "पण त्या जाऊन सहा आठवडे झाले. खोलीत कुणी नाही. मग हे कुणासाठी चालू होतं? इथे रकाना आहे, वापराचं कारण. कोरा ठेवता येत नाही."

लेकीने पलंगाकडे पाहिलं. चादर तीच होती, उशी तीच. त्या घरात मायलेकी एकमेकींना जेवलीस का, छत्री घेतलीस का, एवढंच विचारायची. बाकीचं समजून घ्यायचं, अशी दोघींची पद्धत होती, आणि दोघींपैकी कुणीही दुसरीवर त्याबाबत संशय घेतला नव्हता.

तपासनीसाने पेन्सिल रकान्यावर टेकवली. "एकच शब्द मावतो," तो म्हणाला. "हवा, एवढं लिहू?"

"लिहा."

त्याने लिहिलं आणि सहीसाठी फाइल तिच्यापुढे धरली. रकान्यात तो एकच शब्द होता. लेकीने पेन हातात घेतलं, पण सही केली नाही. ती उशीकडे वळली आणि मोठ्याने, परक्या माणसासमोर, म्हणाली, "मला तू हवी होतीस गं, आई."